समोर पाचजण, आणि प्रश्न एकाच वेळी दोघांचे

पत्र: मी सेलूची (जि. परभणी), वय 25. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं, त्यानंतर दोन वर्षं स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गेली. गेल्या वेळी आयबीपीएस पीओच्या (सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीच्या) मुलाखतीत 100 पैकी 44 गुण पडले आणि अंतिम यादीत नाव आलं नाही. समोर पाचजण होते. एका सरांना उत्तर देत असताना दुसऱ्यांनी मधेच वेगळाच प्रश्न टाकला आणि माझं डोकं एकदम रिकामं झालं. पुढची दहा मिनिटं मी त्या एकाच सरांकडे बघून घाईघाईत बोलत राहिले. यंदा पुन्हा बोलावणं आलंय, हातात 24 दिवस आहेत. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बोलायची भीती वाटते. पाचजणांना एकाच वेळी तोंड कसं द्यायचं?

उत्तर:

आधी गुणांचा हिशेब मांडू, म्हणजे 24 दिवस कशासाठी द्यायचे ते कळेल. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला 80 आणि मुलाखतीला 20 टक्के वजन असतं. मुख्य परीक्षा 225 गुणांची, मुलाखत 100 गुणांची. म्हणजे मुलाखतीतला एक गुण अंतिम यादीत 0.2 ने मोजला जातो. 44 ऐवजी 65 पडले तर अंतिम बेरजेत 4.2 ची भर पडते. तेवढीच भर मुख्य परीक्षेतून घालायची तर तिथे जवळपास 12 गुण जास्त आणावे लागले असते. तिथे 12 गुण म्हणजे किती महिने घासावे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय मुलाखतीत पात्रतेची रेषाच 40 वर आहे (अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि दिव्यांग उमेदवारांना 35). 40 ची रेषा तुम्हाला लागू असेल तर तुम्ही तिच्या चारच गुण वर होतात. मुख्य परीक्षेत कितीही गुण असोत, त्या रेषेखाली गेलं की सगळं तिथेच संपतं.

आता ते 'डोकं रिकामं झालं' त्याबद्दल. डोकं रिकामं झालं नव्हतं, उलट ठासून भरलं होतं. पाठ केलेला परिच्छेद अर्धा म्हणून झाला होता, उरलेला अर्धा विसरू नये म्हणून तुम्ही तो धरून ठेवला होता, आणि त्याच वेळी नवा प्रश्न ऐकायचा प्रयत्न चालू होता. पाठांतराचं हेच होतं. मधे तोडलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणावं लागतं, शाळेतल्या कवितेसारखं. पॅनेलमध्ये तर मधे तोडणारच. काहीजण मुद्दाम तोडतात, काहींना उत्तर कुठे चाललंय ते कळलेलं असतं म्हणून तोडतात, आणि काहींना दिवसभरात अजून वीस उमेदवार बघायचे असतात म्हणून. त्यात तुमच्यावर राग नसतो.

म्हणून पहिलं काम: पाठ केलेले सगळे परिच्छेद बाजूला ठेवा आणि प्रत्येक उत्तराच्या तीन खुंट्या ठोका. पहिली खुंटी थेट उत्तराची, एका वाक्यात. दुसरी कारणाची. तिसरी आपल्या भागातल्या उदाहरणाची. बस्स. वाक्यं तिथल्या तिथे सुचतील तशी टांगायची. दोन खुंट्यांवर कोणी तोडलं तरी उत्तर पुरं झालेलं असतं, कारण मुख्य गोष्ट पहिल्याच वाक्यात गेलेली असते. परिच्छेदात नेमकं उलट होतं. प्रस्तावना आधी येते, उत्तर शेवटी येतं, आणि शेवटापर्यंत कोणी पोहोचू देत नाही.

एक प्रश्न जवळून बघू. "समजा आमची बँक बुडाली आणि माझे तुमच्या शाखेत 8 लाख आहेत. माझं काय?" बहुतेक उमेदवार इथे 'डीआयसीजीसी (ठेवींचा विमा उतरवणारी संस्था) ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी आहे, तिची स्थापना…' असं सुरू करतात. खुंट्यांवर तेच उत्तर असं बसतं: "सर, 5 लाखांपर्यंतची रक्कम विम्याने सुरक्षित आहे, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. ही मर्यादा एका खातेदाराला एका बँकेत मिळून आहे, त्यामुळे त्याच बँकेच्या सेलू आणि परभणी अशा दोन शाखांत पैसे विभागले तरी मर्यादा दुप्पट होत नाही. उरलेले 3 लाख बँकेच्या मालमत्तेतून काय वसूल होतं त्यावर अवलंबून राहतील." पंचवीस सेकंद. पुढे कोणी विचारलं, तर मर्यादा 1 लाखावरून 5 लाखांवर 4 फेब्रुवारी 2020 पासून गेली, हे सांगायला आहेच. तारीख खिशात ठेवायची, मागितली की काढायची.

या उत्तरातली भाषा कोणासाठी आहे ते बघा. सेलूच्या मोंढ्यातून कापसाची पट्टी घेऊन आलेल्या माणसालाही ते कळेल आणि पॅनेलच्या अध्यक्षांनाही त्यात चूक सापडणार नाही. आमच्या मते तुमच्या सगळ्या तयारीचा गाभा एवढाच आहे. ज्ञान मुख्य परीक्षेत तपासून झालं. मुलाखतीत ते बघतात की ही मुलगी उद्या शाखेत बसली तर समोरच्याशी कशी बोलेल, अडली तर काय करेल, माहीत नसलेलं ठोकून देईल का. पाचजणांना पाच परीक्षक समजलात तर दडपण येतं. काउंटरसमोर उभे असलेले पाच गिऱ्हाईक समजलात तर कामाचा क्रम सुचतो: एकाचं काम हातात आहे, दुसऱ्याला थांबायला सांगायचंय, तिसरा गप्प उभा आहे त्याच्याकडेही लक्ष आहे.

त्या क्रमाने तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. एका उत्तराच्या मधे दुसऱ्यांनी प्रश्न टाकला, तर बोलणं थांबवा. दोन सेकंद जाऊ द्या. मग विचारणाऱ्यांकडे बघून म्हणा, "मॅडम, सरांच्या प्रश्नाचं एक वाक्य राहिलंय, ते पूर्ण करून लगेच आपल्या प्रश्नावर येते, चालेल का?" दहापैकी आठ वेळा 'हो' म्हणतील. "नाही, आधी माझं सांगा" म्हणाल्या तर सरांकडे हलकी मान झुकवून दुसरा प्रश्न घ्या आणि तो संपला की स्वतःहून परत या: "सर, आपण पीक विम्याबद्दल विचारत होता." हे परत येणं फार थोडे उमेदवार करतात, आणि पॅनेलच्या ते लगेच नजरेत भरतं. दोन प्रश्न एकदम आले आणि दुसरा नीट ऐकूच आला नाही, तर अंदाजाने उत्तर देऊ नका. "आपला प्रश्न पुन्हा सांगाल का?" यात काही कमीपणा नाही. चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं तर गुण जातात.

नजरेचंही असंच. गेल्या वेळी तुम्ही एकाच सरांकडे बघत राहिलात, म्हणजे बाकीच्या चौघांनी ती दहा मिनिटं तुमचा कान बघितला. पहिलं वाक्य विचारणाऱ्याकडे बघून बोला, मधलं बोलताना नजर उरलेल्यांवरून सावकाश फिरू द्या, शेवटचं पुन्हा विचारणाऱ्याकडे. पंख्यासारखी मान फिरवायची नाही. एका वाक्याला एक चेहरा पुरे. गप्प बसलेल्या, कागदावर काहीतरी लिहिणाऱ्या माणसाला वगळू नका, गुणपत्रिका त्यांच्याही हातात असते. आणि एखाद्याने कपाळाला आठी घातली म्हणून उत्तर मधेच बदलू नका. काहींचा चेहराच तसा असतो, आणि काहीजण तुम्ही ढळता का ते बघत असतात.

कधी दोन सदस्यच एकमेकांशी असहमत होतात. एक म्हणतात कर्जमाफी हवी, दुसरे म्हणतात त्याने परतफेडीची सवय मोडते. तुम्हाला विचारलं तर एकाच्या बाजूने उडी मारू नका आणि 'दोघांचंही बरोबर आहे' असंही म्हणू नका. दोन्ही बाजूंचा एकेक खरा मुद्दा सांगा आणि मग तुमचं मत द्या. उदाहरणार्थ, सलग दुष्काळात शेतकऱ्याला दिलासा लागतोच, पण नियमित फेडणाऱ्याला वाटायला लागतं की फेडून चूक केली. म्हणून नैसर्गिक आपत्तीत कर्जाचं पुनर्गठन वेळेवर होणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मत तुमचंच असू द्या, आमचं नको. फक्त दोन वाक्यांत त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

आता तुमच्या अर्जाकडे. पॅनेलचे निम्म्याहून जास्त प्रश्न तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या गोष्टींतून निघतात: नाव, गाव, जिल्हा, पदवी, मधली रिकामी वर्षं, छंद. मुलाखतीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी एक माहितीपत्रकही भरून घेतात. त्यात 'छंद: वाचन' लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला आहे: शेवटचं पुस्तक कोणतं, त्यात काय आवडलं. उत्तर देता येत असेल तरच लिहा. घरामागे भाजीपाला लावत असाल तर तेच लिहा, 'बागकाम' एवढं मोघम नको. मग प्रश्न तुमच्या अंगणात येतो. तिथे भेंडीची 'परभणी क्रांती' ही जात केवड्या रोगाला दाद देत नाही म्हणून तिचं नाव झालं, हे तुम्ही सहज सांगाल, आणि समोरच्यांना ते नवं असेल.

तुमची पदवी ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि ती नीट हाताळली नाही तर सगळ्यात मोठा खड्डाही तोच. तीन प्रश्न येणारच. शेती शिकून बँकेत का? शेतीच शिकलात तर बँकेतल्या कृषी अधिकारी पदाची वेगळी परीक्षा का नाही दिली? आणि पीक कर्जाचं खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक) कधी होतं?

पहिल्याला 'लहानपणापासून बँकेचं आकर्षण' सांगू नका, कोणाचाही विश्वास बसत नाही. खरं काय आहे ते शोधा: घरी पीक कर्जासाठी किती फेऱ्या झाल्या, कोणता कागद अडला, ते काम दुसऱ्या बाजूने कसं सोपं करता येईल. दुसऱ्याला, ती परीक्षा दिली असेल तर 'दिली, इतक्यावर थांबले' असं सरळ सांगा. दिली नसेल तर कारण सांगा, पण त्या पदाला कमी लेखू नका. समोर बसलेल्यांपैकी एखाद्याची सुरुवात कृषी अधिकारी म्हणूनच झालेली असू शकते.

तिसरा प्रश्न तांत्रिक आहे आणि तो चुकला तर बाकी सगळं पातळ होतं. साधं मुदतीचं कर्ज हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की एनपीए होतं. पीक कर्जाला हे मोजमाप लागत नाही. अल्पमुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घमुदतीच्या पिकाला एक हंगाम थकबाकी राहिली तर खातं एनपीए. याचं कारणही सांगा: सोयाबीन विकल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात पैसा येत नाही, त्याला महिन्याच्या पगारदारासारखं मोजता येत नाही. हे कारण पुस्तकात वाचलेला उमेदवार सांगत नाही. तुम्ही सांगू शकता.

याच्या शेजारचे आणखी काही आकडे नीट बसवून ठेवा. किसान क्रेडिट कार्ड 1998 सालचं. मर्यादा ठरवताना पिकाचा कर्जदर (व्याजदर नव्हे, त्या पिकाला दर एकरी किंवा हेक्टरी किती कर्ज द्यायचं तो ठरलेला आकडा) गुणिले क्षेत्र, त्यावर काढणीपश्चात आणि घरखर्चासाठी 10 टक्के, शेतीच्या अवजारांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी 20 टक्के. विनातारण शेती कर्जाची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 1.6 लाखावरून 2 लाख झाली. अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लघुउद्योग अशा प्राधान्याच्या क्षेत्रांना) व्यापारी बँकांनी 40 टक्के कर्ज द्यायचं, त्यात शेतीला 18 टक्के. नाबार्डची (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) स्थापना 12 जुलै 1982 ची. व्याजदर, रेपो दर, रोख राखीव प्रमाण हे मात्र पाठ करून ठेवू नका. हे दर ठरवणारी रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते, तेव्हा हे आकडे मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून ताजे लिहून घ्या. कृषी कर्जाची परिपत्रकंही तशीच एकदा चाळा. महिन्यापूर्वीच्या क्लासच्या नोट्सवर विसंबून बरेचजण इथे फसतात.

जिल्ह्याचीही तयारी बँकेच्या अंगाने करा. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव, येलदरी धरण जिंतूर तालुक्यात, हे माहीत असू द्याच. पण पॅनेलला जास्त रस असतो तो यात: परभणीची अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) कोणती, जिल्ह्यात मुख्य पिकं कोणती, शेतकरी सावकाराकडे अजून का जातो. मराठवाड्यात जुन्या लोकांची खाती ज्या स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती ती 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली, आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून एकच झाल्या, हे तुमच्या तोंडी शोभून दिसेल. राज्यस्तरीय बँकर्स समितीचं संयोजकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. मुलाखत ज्या बँकेत आहे त्या बँकेचं मुख्यालय, स्थापना, व्यवस्थापकीय संचालकांचं नाव आणि शेतकऱ्यांसाठीच्या दोन योजना एका कागदावर लिहून ठेवा. एका पानाहून जास्त नको.

प्रसंगाचे प्रश्न हल्ली बरेच येतात. एक सदस्य आवाज चढवून म्हणतात, "मी शेतकरी आहे, माझे पीएम किसानचे पैसे आले नाहीत, तुमच्या बँकेने खाल्ले!" इथे 'शांत राहून समजावेन' हे उत्तर अर्धंच आहे. काय करणार ते क्रमाने सांगा. त्यांना बसायला सांगून पूर्ण ऐकून घेईन. खात्याचं विवरण काढून 2,000 रुपयांचा हप्ता जमा झालाय का ते आधी बघेन. नसेल तर दोन गोष्टी तपासेन: ई-केवायसी झालंय का, आणि आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलेलं आहे. बरेचदा घरातल्या कोणी नवं खातं उघडताना आधार तिकडे जोडलेलं असतं आणि पैसे त्या खात्यात जातात. आमच्या खात्याला जोडायचं असेल तर संमतीचा फॉर्म तिथेच भरून घेईन. जमिनीच्या नोंदीची अडचण असेल तर ते बँकेच्या हातात नाही, कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिहून देईन. असं उत्तर दिलंत की आवाज चढवणारे सदस्य स्वतःच शांत होतात, कारण त्यांना हवं ते मिळालेलं असतं.

रिकाम्या वर्षांबद्दल: लपवू नका, लांबवूही नका. "दोन वर्षं परीक्षांची तयारी केली, घरच्या शेताचा हिशेब मी बघते, गेल्या वर्षी मुलाखतीपर्यंत आले होते." गेल्या वेळचं अपयश स्वतःहून सांगायची गरज नाही, पण विचारलं तर सांगा आणि त्यातून काय बदललं तेही एका वाक्यात. "राज्यसेवेत निवड झाली तर ही नोकरी सोडाल?" हाही येतो. "कधीच नाही" म्हणालात तर ते पटणार नाही. तुमचा खरा बेत काय आहे ते मुलाखतीआधी घरच्यांशी बसून ठरवा. बँकेतच राहायचं ठरलं असेल तर त्यामागचं कारण द्या: पदोन्नतीची वाट, ग्रामीण शाखेतलं काम, जे काय असेल ते. बदलीचंही तसंच. ईशान्येत किंवा दक्षिणेत जायची तयारी आहे का, लग्नानंतर काय, हे प्रश्न मुलींना जास्त विचारतात, हे आम्हाला माहीत आहे आणि ते खटकतंही. तरी तिथे वाद घालून वेळ घालवू नका. "अर्ज करताना अखिल भारतीय बदलीची अट वाचली आहे, घरी बोलणं झालंय, माझी तयारी आहे." एवढं म्हणून थांबा. पण घरी ते बोलणं खरोखर झालेलं असू द्या.

माहीत नसलेल्या प्रश्नाचं काय? 15 मिनिटांत तीन-चार उत्तरं न येणं अगदी स्वाभाविक आहे. "सर, मला हे माहीत नाही, वाचून घेईन." आवाज तोच ठेवा, खांदे पाडू नका, आणि पुढच्या प्रश्नाला ताजं व्हा. अर्धं माहीत असेल तर तसं सांगून अर्धंच द्या: "2002 चा सरफेसी कायदा वसुलीसाठी आहे, न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येतं, कलम मला आठवत नाही." यात एक गोष्ट नक्की ध्यानात ठेवा: त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कृषी पदवीधराला हा उपप्रश्न हमखास येतो. आकडा ठोकून द्यायचा मोह टाळा. आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माणसासमोर बनावट आकडा टिकत नाही, आणि तो पकडला गेला की तुमच्या आधीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका येते.

भाषेची भीती. आत गेल्यावर अभिवादन झालं की अध्यक्षांना लगेच विचारा, हिंदीत उत्तर दिलं तर चालेल का. मुभा मिळाली तर शेवटपर्यंत हिंदीतच बोला, मधेच इंग्रजीत उडी मारून अडखळू नका. रेपो रेट, केवायसी, एनपीए हे शब्द हिंदीतही तसेच वापरतात. मराठी माणसाच्या हिंदीत लिंगाच्या चुका होतात, त्याने गुण जात नाहीत. तरीही स्वतःची ओळख, पदवी आणि 'बँकेत का' ही तीन उत्तरं इंग्रजीतही तयार ठेवा, कारण 'एकदा इंग्रजीत सांगा' असं कोणी ना कोणी म्हणतं. आठ-दहा शब्दांची वाक्यं करा. लांब वाक्यात क्रियापद हरवतं आणि मग घाम फुटतो. मराठीत मुलाखत होईल असं धरून जाऊ नका, पण मराठी चांगली येते हे बोलण्यात येऊ द्या. गावातल्या शाखेत त्याची किंमत आहे.

आता सराव. आरशासमोरचा सराव तुमच्या कामाचा नाही, आरशात एकच माणूस असतो. घरातल्या मोठ्या खोलीत टेबलाच्या पलीकडे चार खुर्च्या मांडा. वडील, शेजारचे एखादे शिक्षक, निवृत्त बँकवाले कोणी ओळखीचे असतील तर ते, आणि एक मैत्रीण. प्रत्येकाला एक काम वाटून द्या: एकाने दर उत्तर मधे तोडायचं, एकाने भरभर दोन प्रश्न एकत्र विचारायचे, एकाने नुसतं कागदात बघत बसायचं, एकाने प्रत्येक उत्तरावर 'का?' म्हणायचं. त्यांना बँकेतलं कळत नसलं तरी बिघडत नाही, तुमच्या अर्जाची प्रत हातात दिली की प्रश्न निघतात. 15 मिनिटं, मोबाईल कपाटावर ठेवून चित्रीकरण. नंतर बघताना तीनच गोष्टी मोजा: कोणतं उत्तर 45 सेकंदांच्या वर गेलं, किती वेळा एकाच चेहऱ्याला चिकटलात, आणि तोडल्यावर परत आलात का. पहिल्या दोन वेळा स्वतःला बघणं नकोसं होईल. 24 दिवसांत असे सहा सराव करा, दर चार दिवसांनी एक. शेवटचा मुलाखतीच्या दोन दिवस आधी, त्याच कपड्यांत. आदल्या दिवशी सराव नको.

कपड्यांवर फार विचार करू नका. फिक्या रंगाची सुती साडी किंवा साधा सलवार-कमीज, ओढणी पिनने नीट लावलेली, चालताना टकटक न वाजणारी चप्पल. साडीची सवय नसेल तर त्या दिवशी साडीचा हट्ट धरू नका.

कागदपत्रांत मात्र आजपासूनच हात घाला. कृषी विद्यापीठ टक्क्यांऐवजी 10 पैकी ओजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी श्रेणी) देतं. अर्जात तुम्ही टक्के भरले असतील, आणि ते कोणत्या सूत्राने काढले याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र मागतात. ते मिळायला आठवडाही लागू शकतो, म्हणून परभणीची फेरी याच आठवड्यात करा. आरक्षणातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातलं लागतं, राज्याच्या भरतीसाठी काढलेलं चालत नाही. इतर मागासमधून असाल तर नॉन-क्रीमीलेयरची तारीख जाहिरातीतल्या अटीशी ताडून बघा. नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर. क्रम उलटा असेल तर सहसा निभावतं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सगळी मूळ कागदपत्रं आणि स्वतः सही केलेल्या छायाप्रतींचे दोन संच, बोलावण्याच्या पत्रात दिलेल्या क्रमानेच फाइलमध्ये लावा.

त्या दिवशी दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. सेलूहून रात्रीची गाडी पकडून सकाळी थेट केंद्रावर उतरायचा बेत असेल तर तो बदला, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. बाहेर आलेल्या उमेदवारांना 'काय विचारलं' असं विचारत बसू नका. त्यांना विचारलेलं त्यांच्या अर्जातलं असतं, तुमच्या नव्हे, आणि उगाच पोटात गोळा येतो. आत जाताना परवानगी घ्या, एकच नमस्कार सगळ्यांना मिळून करा, बसा म्हटल्यावर बसा. फाइल मांडीवर, हात फाइलवर. टेबलावर काही ठेवू नका.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणाले तर पगार, बदली, निकाल हे विषय नकोत. खरोखर काही जाणून घ्यायचं असेल तर एक प्रश्न विचारा, उदाहरणार्थ नव्या अधिकाऱ्याला ग्रामीण शाखेत साधारण कधी पाठवतात. नसेल तर 'नाही सर, धन्यवाद' पुरे. उठताना खुर्ची आवाज न करता मागे सारा, फाइल उचलली आहे ना ते बघा, आणि दाराशी पोहोचेपर्यंत घाई करू नका. गप्प बसलेले ते सदस्य पुष्कळदा दाराशी गेल्यावर हाक मारून एक प्रश्न विचारतात. तसं झालं तर पूर्ण वळा, दोन पावलं परत या आणि नेहमीच्याच आवाजात उत्तर द्या.